अमोनिया नेहमी वरच जात नाही

बर्फाचे कारखाने, मासळी आणि बेदाण्याची शीतगृहे अशा ठिकाणी गारव्यासाठी अमोनिया वापरतात. तो हवेपेक्षा हलका, म्हणून गळती झाली तरी वर निघून जाईल, असे अनेकांना वाटते. हे अर्धेच खरे आहे.

यंत्रणेत अमोनिया दाबाखाली द्रवरूपातही असतो. त्याचा उत्कलनबिंदू (द्रव ज्या तापमानाला उकळतो ते) उणे 33 अंश सेल्सिअस. द्रवाचा पाइप फुटला की सूक्ष्म थेंब, थंडगार वायू आणि हवेतले बाष्प यांचा पांढरा, हवेहून जड ढग होतो. फ्रीजरचे दार उघडल्यावर धुके पायांकडे उतरते, तसा हा ढग जमिनीलगत पसरतो. ऊब मिळाल्यावरच वर चढतो.

म्हणून सुरक्षा प्रशिक्षणात आधी वाऱ्याची दिशा ओळखायला शिकवतात. छतावरची वारा दाखवणारी कापडी पिशवी पाहायची, ढगातून न जाता वाऱ्याला आडवे निघायचे आणि वारा येतो त्या बाजूला जमायचे. साचलेल्या द्रवावर पाणी मारायचे नाही. पाण्याच्या उष्णतेने तो आणखी वेगाने उकळतो. हवेत 300 पीपीएम (दहा लाख भागांत 300 भाग) अमोनिया जिवाला धोकादायक मानतात. तिथे गाळणीचा मास्क पुरत नाही. स्वतःचा हवासाठा असलेले श्वसनयंत्र लावून प्रशिक्षित पथकानेच आत जावे.