परदेशाहून परतताना सामान मागाहून पाठवावे काय?



शासनाच्या कृषी विभागामार्फत शेतकऱ्यांचे परदेश अभ्यास दौरे निघतात. शिवाय आपल्या अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांतली मुलं-मुली परदेशात नोकरीला आहेत आणि आईवडील दोन-चार महिने तिकडे जाऊन येतात. परतताना अडचण एकच, सामान फार होते. “मागून पाठवून दिलं तर चालतं का?” असे सभासद आमच्या शेतकी ऑफिसात विचारतात. चालते. पण आधी हिशेब पाहावा.

खर्चाचा हिशेब

किती सामान फुकट नेता येते ते तिकिटावर छापलेले असते. बऱ्याच मार्गांवर एका नगाला 23 किलोची मर्यादा असते. 32 किलोच्या वरचा नग सहसा घेतच नाहीत. एखादीच बॅग जास्त होत असेल तर तिचे पैसे आगाऊ भरून ती बरोबर आणणे बहुधा सोयीचे पडते.

कुरियरचा काटा मात्र निराळा. तो खोक्याची जागाही मोजतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायचे. 60 × 50 × 50 चे खोके 30 किलोचे धरले जाते, मग आत नुसते 12 किलो स्वेटर का असेनात! म्हणून हलके आणि फुगीर सामान कुरियरने पाठवू नये. जहाजाने पाठवल्यास भाडे घनमीटरवर लागते. ते कमी वाटते, पण बंदरातली हाताळणी, एजंट आणि उशीर झाल्यास गोदामाचे भाडे वर येते. शिवाय महिना-दोन महिने वाट पाहावी लागते. घर हलवण्याइतके सामान असेल तरच जहाजाचा विचार करावा.

कस्टमची बाजू

मागाहून येणाऱ्या सामानाला कस्टमच्या भाषेत ‘अनअकंपनीड बॅगेज’ म्हणतात. 2016 च्या बॅगेज नियमांत असे होते की प्रवासी उतरल्यापासून एका महिन्याच्या आत हे सामान तिकडून रवाना झाले पाहिजे. वापरलेल्या कपड्या-वस्तूंना सवलत होती. नव्या वस्तूंना मात्र प्रवाशाला बरोबरच्या सामानावर मिळणारी शुल्कमाफी यात मिळत नव्हती. नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी ताजी माहिती जरूर घ्यावी. ‘भेट’ असे लिहून कुरियरने पाठवले की सुटते, हा समजही सोडावा. डिसेंबर 2019 पासून जीवरक्षक औषधे आणि राखी सोडून बाकी भेटवस्तूंना शुल्क भरावेच लागते.

प्रत्येक खोक्यातल्या वस्तूंची यादी किमतीसह करावी आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. पासपोर्ट, औषधे, दागिने, कागदपत्रे आणि पॉवर बँक हातातल्या पिशवीतच असू द्यावीत.

टिपरी, बी आणि माती

आता आमच्या खात्याची गोष्ट, आणि खरी महत्त्वाची. “ब्राझीलहून उसाच्या दोन टिपऱ्या कपड्यांत गुंडाळून पाठवल्या तर कोणाला कळतंय?” असे काहीजण हसत विचारतात. बंधूंनो, हे करू नका. 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे बी-बेणे परवान्याशिवाय आणि तपासणीशिवाय आणता येत नाही. बॅग बरोबर असो की मागून येवो, नियम तोच.

कारणही नीट समजून घ्या. टिपरी दिसायला निरोगी असते, पण रोग आत असू शकतो. उसाचा ‘फिजी रोग’ विषाणूचा आहे. तो बेण्यातून जातो आणि तुडतुड्यांमार्फत शेतोशेत पसरतो. 1970 च्या दशकात ऑस्ट्रेलियात बुंडाबर्ग भागात त्याने थैमान घातले. तिथले मुख्य वाण एनको 310 त्याला बळी पडले आणि शेतकऱ्यांना वाण बदलावे लागले. असा रोग आपल्या पट्ट्यात शिरला तर नुसते एकाचे रान जाणार नाही. बेणे हातोहात फिरते, त्यामुळे गावेच्या गावे सापडतील आणि कारखान्याचे गाळपही.

परदेशी रक्त आपल्या उसात नाही असे नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनी लावलेला को 419 हा जावाच्या पीओजे 2878 पासून कोइमतूरला तयार झाला. पण ते काम संशोधन केंद्राने केले. बाहेरचे बेणे आले की ते आधी वेगळे ठेवून तपासायचे, मगच पुढे द्यायचे, ही रीत आहे.

तेव्हा दौऱ्यावर चांगले वाण दिसले तर त्याचे नाव लिहून घ्या, फोटो काढा, लागवडीचे अंतर आणि उतारा विचारा. ही माहिती आमच्याकडे द्या, आम्ही ती पाडेगावच्या संशोधन केंद्राकडे आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडे पाठवू. शेतात घातलेले बूट तिकडेच धुवून माती काढावी आणि मगच बॅगेत भरावेत.

जाण्यापूर्वी आपल्या गट ऑफिसात एकदा येऊन जावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी