घरगुती गोबर-गॅस : आमचा अनुभव

परसांत गोबर-गॅसचा खड्डा बांधावा कीं नाहीं, व बांधल्यास केवढा बांधावा, अशी पृच्छा संघाच्या कांहीं सभासद बंधूंनीं आमच्याकडे केली आहे. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. परंतु एक खड्डा चुकीच्या मापाचा बांधून अखेर बंद करावा लागला, आणि त्यानंतर एक लहान टांकी नीट चालली. त्या दोहोंपासून जें कळलें तें पुढें ठेवण्यास हरकत नाहीं.

ही विद्या आपल्या भागास नवी नव्हे. खाडीपलीकडे माटुंग्याच्या कुष्ठाश्रमांत १८९७ सालीं मैल्यापासून जळाऊ वायु काढण्याची योजना झाली व १९०७ सालीं त्या वायूवर एंजिन चालविण्यांत आलें. शेणाच्या वायूचे प्रयोग दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेंत १९३९ च्या सुमारास झाले. पुढें श्री. जशभाई पटेल यांनीं पालथ्या लोखंडी पिंपाचा नमुना सिद्ध केला आणि खादी ग्रामोद्योग आयोगानें तो खेडोपाडीं नेला. १९८४ मध्यें जमिनीखालीं विटांचा घुमट असलेला ‘दीनबंधु’ नमुना निघाला. आमच्या बेलपाड्यास खाडीची खारी हवा. येथें लोखंडाचें पिंप फार दिवस टिकत नाहीं, म्हणून आम्हीं घुमटाचा नमुना पसंत केला. तेवढी एक गोष्ट आमच्या हातून बरोबर झाली.

खरें कारण आमच्या कुटुंबाच्या डोळ्यांचें होतें. सिलिंडर दारीं येत असला तरी न्हाणीचें पाणी आणि भात चुलीवरच, आणि त्या धुरानें त्यांचे डोळे सदा लाल. तेव्हां दोन शेगड्या चालाव्या असा हिशेब धरून दररोज तीन घनमीटर वायूचा खड्डा बांधविला. ‘मोठेंच बांधा, पुढें उपयोगीं पडेल’ असें गवंड्यानेंही सांगितलें. शेगड्या किती पेटवावयाच्या हें आम्हीं आधीं ठरविलें. शेण किती आहे हें मात्र पाहिलें नाहीं.

आतां हिशेब पहावा. एक घनमीटर वायूस सुमारें पंचवीस किलो ताजें शेण लागतें. तीन घनमीटरांस पंचाहत्तर किलो. आमच्या गोठ्यांत गाई दोन, आणि एका गाईचें शेण दिवसास दहा किलोंच्या आसपास. म्हणजे जमा वीस किलो, खर्च पंचाहत्तर! मामलेदार कचेरींत इतरांच्या बेरजा तपासण्यांत ज्याची नोकरी गेली, त्यास स्वतःच्या गोठ्याची बेरीज सुचूं नये, हें सांगतांना लाज वाटते. वीस किलोंत पाऊण घनमीटराहून थोडा अधिक वायु मिळतो. एवढा वायु एका वेळच्या स्वयंपाकास पुरतो, आणि सिलिंडरच्या हिशेबानें पाहिल्यास चाळीसएक दिवसांत एक सिलिंडर वांचतो. हा लाभ थोडा नव्हे. पण त्यासाठीं एक घनमीटरचा खड्डा पुरे होता. अधिकाच्या विटा, सिमेंट व मजुरी मातींत गेली.

चालविण्याची रीत सोपी आहे. शेण व पाणी समभाग कालवून, काडीकचरा काढून रोज ठराविक वेळीं घालावें. आरंभीं दुसऱ्याच्या चालू खड्ड्यांतील रबडी कांहीं घमेलीं आणून मिसळावी. दुधास विरजण लावतों तसेंच हें आहे. पहिला वायु हवेंत सोडून द्यावा, कारण त्यांत हवा मिसळलेली असते. वायूबरोबर वाफ येते व तिचें पाणी नळींत सांचतें. म्हणून नळीस उतार द्यावा आणि सखल जागीं पाणी काढण्याची तोटी ठेवावी. आमच्या घरीं ज्योत फडफडूं लागली तेव्हां खड्डा बिघडला असें समजून आम्ही आठ दिवस कष्टी होतों; नळींत पेलाभर पाणी निघालें. गळती शोधण्यास साबणाचा फेस लावावा. आगकाडी कदापि लावूं नये. गोठा फिनेलनें धुतल्यास तें पाणी खड्ड्यांत जाऊं देऊं नये.

कोंकणची ऊब या कामास अनुकूल आहे, पण पाऊस प्रतिकूल. पहिल्याच आषाढांत अंगणाचें पाणी भरणीच्या तोंडांतून आंत शिरलें, रबडी पातळ झाली आणि पंधरा दिवस शेगडी पेटली नाहीं. नंतर तोंडाभोवतीं वीतभर उंच कठडा घातला.

पुढें गाईच गेल्या. सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली, नव्या मुंबईसाठीं जमिनी संपादन झाल्या, आणि खारघरच्या डोंगराखालीं जेथें भात पिके तेथें इमारती उभ्या राहिल्या. चराई उरली नाहीं. विकतचा चारा किती दिवस पुरविणार? गाई आप्तांच्या गांवीं धाडल्या. खड्डा उपाशी राहिला व चिरंजीवांनीं तो बुजवून वर भाड्याची खोली बांधण्याचा विचार मांडला. आम्हांस तो रुचला नाहीं. पण नाहीं म्हणण्यास कारणही सांपडेना.

खड्डा उपसण्याच्या दिवसाची गोष्ट प्रत्येकानें लक्षांत ठेवावी. एक वयस्क मजूर आला, त्यानें झांकण काढलें आणि कंदील पेटवून दोरीस बांधूं लागला. “विहिरींत उतरतांना आम्ही असंच करतों, भाऊसाहेब. दिवा विझला तर उतरायचं नाहीं.” विहिरीपुरती ती चाल समजण्यासारखी आहे. परंतु या खड्ड्यांतला वायु दिवा विझविण्याऐवजीं भडका करील, आणि भडका न झाला तरी आंत उतरणारा दोन श्वासांत शुद्ध हरपून पडेल. त्यास वांचविण्यास जो धांवतो तोही तेथेंच पडतो. “काका, आधीं तो कंदील विझवा,” एवढेंच आम्ही ओरडलों. हात थरथरत होते. त्या दिवशीं कोणासही उतरूं दिलें नाहीं. दोन्हीं तोंडें आठ दिवस उघडीं ठेविलीं, रबडी बाहेरूनच पंपानें व बादलीनें काढली, आणि घुमट वरून फोडून मुरूम भरला. आंत उतरण्याची गरजच पडली नाहीं. दोन दिवसांची मजुरी अधिक गेली, तिचा पश्चात्ताप नाहीं.

खोली झाली. आम्ही मात्र हट्टास पेटलों होतों. पुण्याचे डॉ. आनंद कर्वे यांनीं शेणाऐवजीं खरकट्यावर चालणारी लहान टांकी तयार केली व तिला २००६ सालीं विलायतेचें ‘अ‍ॅश्डेन’ पारितोषिक मिळालें. त्यांतील युक्ति अशी : शेण म्हणजे गुरानें सत्त्व घेऊन उरलेला चोथा, तर शिळ्या भातांत व पिठांत सत्त्व जसेंच्या तसें असतें. म्हणून थोड्या अन्नांत पुष्कळ वायु, आणि तोही चाळीस दिवसांनीं नव्हे तर एकदोन दिवसांत. पाण्याच्या प्लास्टिकच्या दोन टांक्या घ्यावयाच्या, एक हजार लिटरची व दुसरी साडेसातशेंची, आणि लहान टांकी मोठींत पालथी घालावयाची. आरंभास मात्र शेण लागतें; तें आम्हीं गाई गेल्या त्याच गोठ्यांतून आणलें.

या वेळीं आधीं पंधरा दिवस घरचें खरकटें तोलून वहींत मांडलें. रोज दीड किलोच्या आंतबाहेर भरलें. त्या मापानें अर्धा तास शेगडी चालते. सकाळचा चहा व भात त्यावर होतो. गणपतींत पाहुण्यांचें सर्व खरकटें एकदम घातलें तेव्हां टांकी आंबली, आंबट वास सुटला व ज्योत गेली. चार दिवस कांहींच घातलें नाहीं, चिमूटभर चुना पाण्यांत कालवून दिला. पांचव्या दिवशीं निळी ज्योत परत आली.

बाहेर पडणारें पाणी केळीस व अळवास घालतों. वाळवूं नये, वाळवितांना त्यांतला नत्र उडून जातो. ज्यांच्याकडे अद्याप भातखाचरें आहेत त्यांनीं शेण राबांत जाळण्याऐवजीं खड्ड्यांतून काढून रबडी रोपवाटिकेस देऊन पहावी. जळणही मिळतें आणि खतही हातीं राहतें. टांकी पाहावयाची असल्यास सकाळीं सातच्या सुमारास यावें. त्या वेळीं ती भरलेली असते, आणि चहा तिच्यावरच होतो.