चव्वेचाळीस हजार आकडे, चार पट्ट्या

सीडीवरचं संगीत म्हणजे निव्वळ आकडे. एका सेकंदाला, एका कानासाठी, 44,100. आणि तोच सेकंद पियानोवर पाहिला, तर 88 पट्ट्यांपैकी जेमतेम तीन-चार दाबलेल्या! घडतं एवढंसं आणि नोंद होते केवढी. मग आकड्यांच्या या ढिगातून उलट चालत 'कुठल्या पट्ट्या दाबल्या' इथवर पोचता येईल का? बऱ्याच अंशी येतं, आणि ज्या रीतीनं येतं ती मला आजही अद्भुत वाटते.

ध्वनी हा हलकेच उमटून विरणाऱ्या छोट्या छोट्या कंपनकणांनी मांडता येतो, हे डेनिस गॅबॉर यांनी 1946 साली दाखवलं. 1993 मध्ये स्टेफान माला आणि झिफेंग झांग यांनी अशा कणांचा कोश घेतला, तोही मुद्दाम गरजेपेक्षा कितीतरी मोठा. तबल्यावरच्या थापेला क्षणभराचे कण लागतात, तानपुऱ्याला लांबलचक. कोशात दोन्ही हवेत. मग ध्वनीशी सर्वांत जास्त जुळणारा कण शोधायचा, तो वजा करायचा, आणि जे उरलं त्याच्याशी पुन्हा सगळा कोश ताडून पाहायचा. मूठभर कणांत भागलं, की झाली विरळ मांडणी.

पियानोसाठी कोशात थेट एकेका पट्टीचा स्वरच ठेवता येतो. खरी कसोटी एका सप्तकाच्या अंतरावरच्या दोन पट्ट्यांची. पियानोवरचा मधला सी हा स्वर सुमारे 262 हर्ट्झचा. त्याच्यासोबत वाजणारे उपस्वर 523, 785, 1,046 असे चढत जातात. वरचा सी सुरूच होतो 523 वर, आणि त्याचा जवळजवळ प्रत्येक उपस्वर खालच्याच्या एखाद्या उपस्वरावर जाऊन बसतो. दोन्ही एकदम वाजले, तर कमीत कमी कणांचा आग्रह धरणारी रीत वरची पट्टी गिळून टाकू शकते. पण एकट्या खालच्या सीचे उपस्वर किती जोरात वाजतात हे कोशाला ठाऊक असेल, तर एकाआड एक उपस्वर जास्तच जोरकस दिसतात आणि लपलेली पट्टी सापडते.

2006 साली इव्हान स्मिथ आणि मायकेल लेविकी यांनी कोश संगणकालाच घडवू दिला. निसर्गातले आवाज ऐकवले; थोडक्या कणांत मांड, एवढीच अट. शिकता शिकता त्या कणांनी जे आकार घेतले, ते मांजराच्या श्रवणतंतूंच्या प्रतिसादांशी जुळले! मग माणसाचं बोलणं ऐकवलं, तरी तसेच कण निघाले. आपली भाषाच कानाच्या या घडणीला जुळवून घेत आली असावी, असा त्यांचा तर्क आहे.