बदकाच्या अंड्यातल्या पाण्याचा हिशेब

भोपाळमध्ये भेलच्या कारखान्याभोवती ज्या वसाहती वाढल्या, त्यांपैकी सोनागिरी ही एक. अशा वसाहतीतल्या घरात, एखाद्या खोलीच्या कोपऱ्यात छोटे उबवणी यंत्र ठेवून बदकाची पिल्ले काढायची म्हटली, की बहुतेक जण आधी तापमान विचारतात. त्याचे उत्तर सोपे आहे. आत पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस, आणि तेही २८ दिवस. कोंबडीला २१ दिवस पुरतात, मस्कोव्ही जातीच्या बदकाला मात्र जवळजवळ ३५ लागतात. थर्मोस्टॅट आता स्वस्त यंत्रांतही असतो आणि तो आपले काम बऱ्यापैकी करतो. घरची उबवणी फसते ती बहुधा पाण्यापाशी, आणि भोपाळच्या हवेत तर पाण्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावे लागते.

अंड्याचे कवच दिसायला घट्ट असले तरी त्याला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून प्राणवायू आत जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि त्यांच्याबरोबर पाण्याची वाफही सतत निसटत राहते. अमेरिकेतील बफेलो येथे हर्मन राहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात अनेक जातींच्या पक्ष्यांची अंडी वजन करून पाहिली. अंडे इवलेसे असो की शहामृगाचे, उबवणीच्या काळात त्याचे वजन साधारण १५ टक्क्यांनी घटते आणि ही घट जवळजवळ सगळी पाण्याची असते, असे त्यांना दिसले. पाणी गेले की त्याची जागा हवा घेते. अंड्याच्या बोथट टोकाशी हवेची पोकळी तयार होते आणि रोज थोडी थोडी वाढते. पिल्लू आयुष्यातला पहिला श्वास याच पोकळीत घेते.

पाणी कमी उडाले तर पोकळी लहान राहते, पिल्लू सुजल्यासारखे होते आणि चोच हवेपर्यंत पोहोचण्याआधीच गुदमरते. फार उडाले तर आतला पापुद्रा चामड्यासारखा वाळतो आणि पिल्लाला चिकटतो. पूर्ण वाढलेले पिल्लू २७व्या दिवशी अंड्यातच मेलेले सापडले, तर कारण बहुतेक वेळा या दोहोंपैकी एक असते.

आता भोपाळची हवा पाहू. श्रावणातल्या एका दिवशी खोलीत २७ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता आहे असे धरा. हीच हवा यंत्रात ३७.५ अंशांपर्यंत तापली, की तिच्यातले पाणी तेवढेच राहते, पण पाणी धरून ठेवण्याची तिची क्षमता वाढते. त्यामुळे सापेक्ष आर्द्रता ४७ टक्क्यांच्या आसपास उतरते. बदकाच्या अंड्यांना पहिले २५ दिवस साधारण ५५ ते ६० टक्के लागतात, म्हणजे पावसाळ्यात थोडेसेच पाणी घालावे लागते. थंडीत खोली १८ अंशांवर आणि आर्द्रता ५० टक्के असेल, तर तीच हवा यंत्रात जेमतेम १६ टक्क्यांवर येते. तिथे पाण्याची एक छोटी वाटी पुरत नाही, पसरट ताटली लागते. बाष्पीभवन पाण्याच्या पृष्ठभागावर ठरते, पाणी किती खोल आहे यावर नाही, हे लक्षात ठेवले म्हणजे झाले. उन्हाळ्यात दुसरीच अडचण येते. मे महिन्यात इथे पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि घरगुती यंत्र ऊब देऊ शकते, गारवा देऊ शकत नाही. खोलीच ३९-४० अंशांवर तासन्‌तास राहिली तर आतले भ्रूण मरतात. म्हणून मे महिना टाळावा. फेब्रुवारीत सुरुवात करून मार्चमध्ये पिल्ले काढणे किंवा पावसाळा सरल्यावर हात घालणे शहाणपणाचे.

यंत्रावरच्या आर्द्रतामापकावर माझा फारसा भरवसा नाही, स्वस्त मापक सहज पाच-दहा टक्क्यांनी चुकतो. त्यापेक्षा सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्यावा. ७० ग्रॅमचे अंडे २५व्या दिवसापर्यंत साधारण ९ ग्रॅम हलके व्हायला हवे, म्हणजे दिवसाला सरासरी एक तृतीयांश ग्रॅमाहून थोडे अधिक. दर चार-पाच दिवसांनी वजन करून वहीत लिहावे. घट कमी दिसली तर पाणी कमी करावे, जास्त दिसली तर वाढवावे.

अंडी निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. कळपात नर असल्याशिवाय अंड्यातून पिल्लू निघणार नाही, आणि अंडी शक्यतो आठवड्याच्या आतली असावीत. चिखलाने माखलेले अंडे घेऊच नये. ते धुतले तर कवचावरचा संरक्षक थर निघून जातो, आणि न धुता ठेवले तर ते यंत्रात सडून फुटते व बाकीचीही नासवते. दिवसातून तीन-चार वेळा अंडी फिरवायची, नाहीतर भ्रूण कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडे धरले की लाल शिरांचे जाळे आणि मध्ये एक हलता ठिपका दिसतो. काहीच न दिसणारी अंडी तेव्हाच काढून टाकावीत.

वीज गेली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. बदकीण खाण्यासाठी रोज घरटे सोडते, जाताना अंड्यांवर स्वतःची पिसे पांघरते, आणि ओल्या पोटाने परत येऊन बसते. तास-दीड तासाचा गारवा अंडी सहन करतात, तेवढ्या वेळेपुरते यंत्रावर गोधडी टाकावी. उलट दुसऱ्या पंधरवड्यात भ्रूण स्वतःच उष्णता तयार करू लागतो, म्हणून अनेक जण त्या काळात अंडी रोज थोडा वेळ बाहेर काढून थंड होऊ देतात आणि कोमट पाण्याचा हलका फवारा मारतात. अंगणात जागा असेल तर खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवण्याची जुनी पद्धत आजही उत्तम आहे. भरपूर अंड्यांसाठी निवडून वाढवलेल्या खाकी कॅम्पबेलसारख्या जातींच्या बदकिणी क्वचितच खुडूक होतात, पण कोंबडी मात्र परकी अंडीही निष्ठेने उबवते. बदकाचे अंडे मोठे असल्याने तिच्याखाली थोडी कमी ठेवावीत, आणि आपल्या २१ दिवसांनंतर ती उठून गेली तर उरलेला आठवडा यंत्राने भागवावा.

२५व्या दिवशी फिरवणे थांबवायचे आणि आर्द्रता ७० टक्क्यांच्या पुढे न्यायची. पिल्लू आधी हवेच्या पोकळीत चोच खुपसते आणि फुप्फुसाने श्वास घेऊ लागते. मग आवाज करते. अंडे कानाशी धरले तर चिवचिव ऐकू येते, आणि ती व्यर्थ नसते. गिल्बर्ट गॉटलीब या अमेरिकी शास्त्रज्ञाने काही भ्रूणांचा आवाज, तो फुटण्याआधीच, बंद केला आणि त्यांना एकेकटे वेगळे ठेवले. बाहेर आल्यावर या पिल्लांना बदकिणीची हाक आणि कोंबडीची हाक यांतला फरक नीट ओळखता आला नाही. आईची हाक ओळखायला पिल्लू अंड्यातच, स्वतःचा आणि शेजारच्या अंड्यांतल्या भावंडांचा आवाज ऐकून शिकत असते. मला हा प्रयोग पक्ष्यांविषयीच्या सगळ्या प्रयोगांत सर्वांत विलक्षण वाटतो. त्यातून एक व्यावहारिक गोष्टही कळते: एकच अंडे कधी उबवू नये.

कवचाला पहिली चीर गेल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत २४ ते ४८ तास लागू शकतात. मध्ये ते तासन्‌तास स्वस्थ पडते, आणि पाहणाऱ्याचा हात झाकणाकडे जातो. तो आवरावा. त्या वेळेत पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेत असते आणि पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या मिटत असतात. घाईने कवच सोलले तर रक्त जाऊन ते मरते, आणि झाकण उघडले की सगळी ओल निघून जाते.

बाहेर आलेले पिल्लू पहिल्या दिवसात जे हलते ते डोळ्यांत साठवते. कोनराड लोरेन्झ यांनी हंसवर्गीय पिल्लांच्या या सवयीवर जे काम केले, त्याची १९७३च्या नोबेल पारितोषिकात दखल घेतली गेली. २०१६मध्ये ऑक्सफर्डमध्ये मार्टिन्यो आणि काचेल्निक या संशोधकांनी दाखवले, की बदकाची पिल्ले दोन वस्तूंचा आकार ‘सारखा’ की ‘वेगळा’ एवढे नातेसुद्धा लक्षात ठेवतात, पुढे वस्तू बदलल्या तरीही. यंत्रातून निघालेले पिल्लू म्हणूनच माणसाच्या पावलांमागे धावते. त्याला भावंडे असलेली बरी.

पहिला आठवडा ३२ अंशांची ऊब, पुढे दर आठवड्याला थोडी कमी. पाणी उथळ ठेवावे, चोच आणि नाकपुड्या बुडतील एवढेच. खाण्याबाबत दोन सूचना आहेत. बदकाच्या पिल्लाला नियासिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लाहून जास्त लागते, ते कमी पडले की पाय वाकडे होतात. आणि ओलसर, बुरसटलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड यांपासून त्याला फार जपायला हवे. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की आणि बदकांची पिल्ले हजारोंनी मेली, तेव्हाच्या शोधातून शेंगदाण्याच्या पेंडीवरच्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष माहीत झाले. बदकाचे पिल्लू त्याला इतके संवेदनशील असते, की पुढे ते विष तपासायला प्रयोगशाळांत तेच वापरले गेले. भोपाळच्या पावसाळ्यात धान्याची पोती भिंतीपासून दूर आणि कोरडी ठेवावीत, थोडीशी बुरशी दिसली तरी ते धान्य फेकून द्यावे.

भोपाळच्या बड्या तलावाच्या परिसरात हळदी-कुंकू बदके राहतात. त्यांच्या घरट्यातले अंडे ‘वाचवण्यासाठी’ उचलून आणणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. अंडी पाळीव बदकांचीच घ्या. त्यांतून साधारण निम्मे नर निघतील, आणि पाच-सहा माद्यांमागे एकच नर सुखाने राहतो. बाकीच्यांचे काय करणार, हे अंडी यंत्रात ठेवण्याआधी ठरवा. ठरत नसेल तर सध्या उबवू नका. वाढलेली पाळीव बदके तलावात सोडून देऊ नका, ती तिथे फार काळ तगत नाहीत आणि रानातल्या पाखरांना रोग देऊ शकतात.