तीन साइट्सची एक साइट केली तर गुगल खरंच शिक्षा करतं का?

या भागात बोलताना मी चार-पाच वेळा तरी म्हटलं की हे पडद्यावर दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून हा लिखित भाग नेहमीपेक्षा थोडा नीट करून देतोय.

विषय आला मावशीमुळे. तिच्या रेसिपीच्या तीन वेबसाइट्स होत्या. एक रोजच्या स्वयंपाकाची, एक उपवासाच्या पदार्थांची आणि एक दिवाळी फराळाची. जाहिरातींतून जे पैसे येतात त्यात घराचं वीजबिल आणि आजीची औषधं भागतात, म्हणजे हा नुसता छंद नाही. तिन्ही सांभाळून ती दमली होती. तिला एका एजन्सीने सांगितलं, "तीच रेसिपी तीन ठिकाणी असली की गुगलची पेनल्टी बसते, दोन साइट्स बंद करून टाका." या सल्ल्याचा पहिला अर्धा भाग चुकीचा आहे आणि दुसरा धोक्याचा.

आधी पेनल्टी या शब्दाबद्दल. गुगलमधल्या माणसांनी तपासून नियमभंगाबद्दल केलेली कारवाई म्हणजे मॅन्युअल ॲक्शन. ती झाली असेल तर सर्च कन्सोलमध्ये त्याच नावाच्या पानावर स्पष्ट लिहिलेली दिसते. एकसारखा मजकूर दोन-तीन ठिकाणी असणं हा काही गुन्हा नाही. गुगलने हे २००८ मध्येच लिहून सांगितलंय, तरी ही अफवा मरत नाही. प्रत्यक्षात काय होतं, तर गुगल सारख्या पानांतलं एक निवडतं आणि बाकीची बाजूला ठेवतं. मावशीच्या तीन साबुदाणा खिचड्या एकमेकींशीच भांडत होत्या. कोणी एकीला लिंक दिलेली, कोणी दुसरीला, आणि जोर एकीलाही नाही.

मग एकत्र करताना लोकांचं ट्रॅफिक पडतं ते का? कारण जुने पत्ते मरतात. बाहेरच्या शेकडो लिंक्स, व्हॉट्सॲपवर फिरणारे मेसेज, लोकांचे बुकमार्क, गुगलची स्वतःची यादी, सगळं त्या पत्त्यांवर उभं असतं. साइट बंद केली की हे सगळं एका फटक्यात हवेत. म्हणून खरं काम डिझाइनचं नाही, यादीचं आहे.

आम्ही एक शीट केली. पहिल्या रकान्यात प्रत्येक जुना पत्ता, दुसऱ्यात नवा. प्रत्येक पानाचा निवाडा करायचा: जसंच्या तसं हलवायचं, दुसऱ्यात मिसळायचं, की सोडून द्यायचं. खिचडीच्या तीन पानांतून मावशीने एक चांगलं पान केलं. फोटो एकीचे, टिपा दुसरीच्या, आणि साबुदाणा किती भिजवायचा यावरचा वाद तिसरीतला. मग उरलेल्या दोन्ही पत्त्यांवरून या पानाकडे ३०१ रिडायरेक्ट. ३०१ म्हणजे 'कायमचा पत्ता बदलला'. ३०२ म्हणजे 'तात्पुरता', तो इथे नको. ३०१ केल्याने पेजरँकचा काही हिस्सा गळतो असं जुन्या लेखांत वाचाल. गुगलच्या गॅरी इलिस यांनी २०१६ मध्येच सांगितलंय की आता तसं होत नाही.

कंटाळा आला म्हणून सगळे जुने पत्ते नव्या साइटच्या मुखपृष्ठाकडे वळवायचे, हा मोह सगळ्यांना होतो. करू नका. खिचडी शोधत आलेल्या माणसाला मुखपृष्ठ दाखवलं तर तो मागे फिरतो, आणि गुगल अशा रिडायरेक्टला 'सॉफ्ट ४०४' समजतं, म्हणजे पान सापडलंच नाही असं धरतं. साखळ्याही टाळा. जुन्यावरून मधल्यावर, तिथून नव्यावर असं न करता थेट शेवटच्या पत्त्यावर न्या. आणखी एक, जुनी साइट रोबोट्स फाइलमधून बंद करू नका. गुगलला दारच उघडलं नाही तर आतली 'पत्ता बदलला' ही पाटी त्याला दिसणार कशी?

आता मराठी साइटवाल्यांनी कान टवकारा, कारण हे इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सहसा मिळत नाही. देवनागरी पत्ता आतून टक्क्यांच्या खुणांमध्ये साठवला जातो. एक अक्षर किंवा एक काना-मात्रा म्हणजे ९ चिन्हं. वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग २०० चिन्हांवर कापतं. म्हणजे साधारण २२ अक्षरं-मात्रा झाल्या की संपलं. "उपवासाची साबुदाणा खिचडी मोकळी कशी करायची" या शीर्षकाचा पत्ता 'खिचडी'पाशीच थांबतो. मोकळी कशी करायची ते पत्त्यात येतच नाही. त्यामुळे शीर्षकावरून जुने पत्ते अंदाजाने बनवू नका, डेटाबेसमधून किंवा साइटमॅपमधून काढा.

त्याहून छुपी गोष्ट 'पुऱ्या', 'भाकऱ्या' अशा शब्दांत आहे. हा 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो. एकात खाली टिंब असलेल्या ऱ चं वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कम्प्युटरला दोन वेगळे शब्द. शीटमध्ये हाताने 'पुऱ्या' टाइप केलं आणि जुना पत्ता दुसऱ्या प्रकारचा निघाला, तर रिडायरेक्ट लागत नाही. जुने पत्ते नेहमी कॉपी-पेस्ट करा आणि पूर्ण यादी स्क्रिप्टने तपासा. मी तीस ओळींचं पायथन लिहिलं. प्रत्येक जुना पत्ता उघडायचा आणि पोहोचतो कुठे ते छापायचं.

हे सगळं दोन-तीन ब्लॉगपुरतं आहे असं वाटत असेल तर ब्रिटनचं उदाहरण बघा. तिथल्या सरकारने १७ ऑक्टोबर २०१२ ला डायरेक्टगव्ह आणि बिझनेस लिंक या दोन मोठ्या साइट्स बंद करून गव्ह डॉट यूके सुरू केली. पुढे २०१४ अखेरपर्यंत मंत्रालयं आणि ३०० हून जास्त संस्थांच्या साइट्स त्यात आणल्या. त्यांनी जुन्या पत्त्यांची अशीच यादी बनवली आणि बाउन्सर नावाचा एक छोटा प्रोग्राम दारात बसवला. पान नव्या जागी असेल तर ३०१. नसेल तर ४१०, म्हणजे 'हे पान मुद्दाम काढलंय', आणि सोबत राष्ट्रीय अभिलेखागारातल्या जतन केलेल्या प्रतीची लिंक. सोडून दिलेल्या पानालाही असा निरोप देता येतो. मला त्या सगळ्या कामातलं हेच जास्त आवडतं.

जाहिरातींचा हिशोब वेगळा. नवंकोरं डोमेन घेण्यापेक्षा असलेल्या साइट्सपैकी सगळ्यात जुनी, चांगली चालणारी साइट घर म्हणून निवडा, असं माझं मत. ती ॲडसेन्समध्ये आधीच मंजूर असते, तिची ॲड्स डॉट टीएक्सटी फाइल जागेवर असते. नवं डोमेन घेतलंच तर रिडायरेक्ट लावण्याआधी ते ॲडसेन्सच्या साइट्स यादीत टाकून मंजूर करून घ्या. दुसरं खातं उघडू नका, एका व्यक्तीला एकच चालतं. आणि जाहिराती दिसतायत का हे बघताना त्यांच्यावर क्लिक करू नका. साइट्स एकत्र केल्याने खातं बंद होत नाही, पण स्वतःच्या जाहिरातींवर क्लिक केल्याने होऊ शकतं.

मावशी दिवाळीआधी फराळाच्या ऑर्डरसाठी स्वतःही गुगलवर जाहिराती देते. तिथे नियम कडक आहे. जाहिरातीतला पत्ता एका डोमेनचा आणि माणूस रिडायरेक्ट होऊन पोहोचतो दुसऱ्यावर, तर 'डेस्टिनेशन मिसमॅच' म्हणून जाहिरात नामंजूर होते. म्हणजे जो ३०१ सर्चसाठी औषध, तोच इथे अपथ्य. रिडायरेक्ट लावाल त्याच दिवशी जाहिरातींतले पत्ते बदला. बदललेली जाहिरात पुन्हा तपासणीला जाते, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

वेळेचं म्हणाल तर श्रावण ते दिवाळी या कामाला हात लावायचा नाही. आम्ही संक्रांत उरकल्यावर फराळाची साइट हलवली, कारण तेव्हा चकली कोणी शोधत नाही. आलेख दोन-तीन आठवडे खाली-वर झाला, मग स्थिरावला. उपवासाची साइट होळीनंतर हलवली. दोन्ही एकदम हलवल्या असत्या तर घसरण कशामुळे झाली ते कळलंच नसतं. एखादी साइट विकत घेतलेली किंवा कधीकाळी पैसे देऊन लिंक्स मिळवलेली असेल, तर हलवण्याआधी तिचं मॅन्युअल ॲक्शनचं पान नक्की बघा. चांगल्या घरात बिघडलेला डबा आणायचा नाही.

जुनी डोमेन्स सोडू नका. रिडायरेक्ट किमान १ वर्ष ठेवा असं गुगल सांगतं, मी म्हणेन जमेल तितकी वर्षं. डोमेनबरोबर त्याचं सुरक्षा प्रमाणपत्रही चालू लागतं, नाहीतर रिडायरेक्ट होण्याआधीच ब्राउझर धोक्याची पाटी दाखवतो. डोमेन सोडलं आणि दुसऱ्या कोणी उचललं, तर मावशीच्या नावाने फिरणाऱ्या जुन्या लिंक्सवर उद्या जुगाराची साइट उघडेल. दोन्ही डोमेन्सचं नूतनीकरण आता ऑटोवर आहे, आणि पैसे माझ्या कार्डवरून जातात.