मे महिन्याकडून डिसेंबरकडे

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की नाशिकच्या वर्तमानपत्रांत निफाडचा पारा पहिल्या पानावर येतो. द्राक्षबागायतदार पहाटे बागांमधून शेकोट्या पेटवतात, नळाच्या पाण्यात हात घालवत नाही आणि साठी ओलांडलेल्यांचे गुडघे कुरकुरू लागतात. नेमके याच दिवसांत बाहेरगावची आणि परदेशातली मुलं घरी येतात. चार दिवस जेवणंखाणं, गाठीभेटी होतात आणि मग विषय निघतो तो ‘यंदा कुठे जायचं?’ हाच. ठिकाण उबदार हवं, यावर सगळ्यांचं एकमत असतं, पण पुढचं काहीच ठरलेलं नसतं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आमच्यासारख्या मध्यमवर्गीय मराठी घरांनी या प्रश्नाची उत्तरं बरीच बदलली. ती का बदलली, हे एकदा नीट मांडावंसं वाटतं.

मुलं शाळेत होती तेव्हा असा प्रश्नच नव्हता. सहल म्हणजे मे महिना. निकाल लागला की ऐपतीप्रमाणे महाबळेश्वर, माथेरान, उटी, फारच झालं तर कुलू-मनाली. उन्हाळ्यातून उठून थंडीत जायचं, एवढं एकच सूत्र. मराठी शाळांना नाताळची सुट्टी नावापुरती असायची आणि दहावी-बारावीच्या घरात तर जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेमुळे डिसेंबरात सिनेमालाही बंदी. डिसेंबर हा स्नेहसंमेलनाचा आणि शाळेच्या सहलीचा महिना, घरच्या सहलीचा नव्हेच.

मुलं नोकरीला लागली आणि ही दिशा उलटी झाली. घराचं वेळापत्रक शाळेऐवजी कंपनी ठरवू लागली. बंगळूर-पुण्याच्या कंपन्यांचे ग्राहक अमेरिका-युरोपातले, त्यामुळे २४ डिसेंबर ते १ जानेवारी काम मंदावतं. उरलेली रजाही वर्षअखेरीला संपवायची असते. जर्मनीत किंवा कॅनडात असलेल्यांना सलग सुट्टी मिळते ती नाताळातच, आणि तिथे दुपारी चार-साडेचारला अंधार पडत असतो. आमचा मुलगा विमानतळावरून घरी येतो तो थेट गच्चीवरच्या उन्हात जाऊन बसतो. अशा माणसाला बर्फ दाखवायला मनालीला कोण नेणार? डिसेंबरची उबदार सहल ही मुलं मोठी झालेल्या घराचीच सहल आहे.

सुरुवातीला पर्याय थोडेच होते. कोकण जवळचं, पण नाशिकहून मालवण गाठायचं म्हणजे एसटीत रात्र काढायची आणि वर घाटातली वळणं सोसायची. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला आणि कणकवली, कुडाळ, सावंतवाडी ही नावं आमच्या वेळापत्रकात आली. तारकर्लीचा किनारा एमटीडीसीमुळे माहीत झाला. ‘न्याहारी व निवास’ योजनेच्या पाट्या घराघरांवर दिसू लागल्या. तरीही त्या काळात कोकण म्हणजे ज्याचं गाव तिकडे त्यानं जायचं, बाकीच्यांनी गणपतीपुळ्याचं दर्शन घेऊन परत फिरायचं, अशीच रीत होती. आठ दिवस नुसतं समुद्राकाठी राहायला जातो असं सांगितलं, तर आमच्या आळीत ‘तिथे एवढे दिवस करणार काय?’ असं विचारत.

या ‘काय करणार’चं उत्तर सहल कंपन्यांकडे तयार होतं. केसरीची सुरुवात १९८४ ची, वीणा वर्ल्डची २०१३ ची. या कंपन्यांनी मराठी माणसाला घराबाहेर काढलं, हे त्यांचं मोठं काम आहे. सोबत टूर लीडर, परमुलखात वरणभात, भाषेची चिंता नाही. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी बायका केवळ या आधारावर विमानात बसल्या. पण मुलांनी पंचविशी ओलांडली की ‘सहा-सात-आठ’ पेलेनासं होतं. सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस. वर्षभर गजरावर उठणाऱ्या माणसाला सुट्टीतही गजर नको असतो. दोन दिवसांत पाच प्रेक्षणीय स्थळं हा आई-बाबांचा हिशेब आणि पाच दिवसांत एकच किनारा हा मुलांचा. आमच्याकडे यावरून वाद झाले, आणि ते व्हायला हवेच होते. कमावत्या मुलांना त्यांच्या सुट्टीचा कार्यक्रम आपण छापून देऊ शकत नाही.

२००३ नंतर स्वस्त विमानसेवा आल्या आणि नकाशा एकदम मोठा झाला. केरळ आधीच रेल्वेच्या टप्प्यात आलं होतं, आता अंदमानही आलं. अंदमानची ओढ मराठी घरांना समुद्रामुळे नंतर वाटली, आधी सावरकरांमुळे. सरकारी नोकरदारांना एलटीसीमध्ये अंदमानच्या विमानप्रवासाची सवलत मिळाल्यावर तर शेजारीपाजारी निघाले. याच काळात, २६ डिसेंबर २००४ ला, त्सुनामी आली. तारीख बघा, ऐन सुट्टीची. निकोबारची गावं, तमिळनाडूचा आणि श्रीलंकेचा किनारा, थायलंडमधलं फुकेत, सगळीकडे एकाच दिवशी पाणी शिरलं. पुढची काही वर्षं आमच्या घरात डिसेंबरात बेटाचं नाव काढलं तरी सासूबाई विषय बदलायच्या, आणि त्यांना दोष देता येत नाही.

आम्ही अंदमानला गेलो ते पुष्कळ उशिरा, मुलं मोठी झाल्यावर. आज वाटतं, ते चांगलंच झालं. सेल्युलर जेलच्या सात ओळींपैकी आता तीनच उभ्या आहेत. तिथल्या एका कोठडीत उभं राहून वरची जाळी पाहताना लहान मूल दोन मिनिटांत कंटाळलं असतं. तिशीतला मुलगा बराच वेळ काही न बोलता उभा राहिला आणि संध्याकाळी जेवताना स्वतःहून प्रश्न विचारत बसला. अंदमानात डिसेंबरात दिवसाचा पारा तिशीच्या आसपास आणि रात्रीचा चोविसाच्या आसपास. घड्याळ मात्र आपलंच असल्यामुळे सूर्य पाचलाच मावळतो. सहाला काळोख झाला की सगळे एका टेबलाभोवती येतात, आणि गप्पांना एवढी मोठी संध्याकाळ दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावर मिळत नाही. हॅवलॉकचं नाव २०१८ च्या अखेरीस स्वराज द्वीप झालं, २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरही श्रीविजयपुरम झालं, पण बोटीच्या धक्क्यावर अजून जुनीच नावं ऐकू येतात. एक सावधगिरी मात्र हवी. डिसेंबरच्या सुरुवातीला बंगालच्या उपसागरात वादळ उठू शकतं. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉकवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते आणि नौदलाला जहाजं पाठवावी लागली. महिन्याचा दुसरा पंधरवडा त्या मानानं निर्धास्त.

उबदार जागा शोधताना बहुतेक घरं फक्त तापमान पाहतात, पाऊस पाहायचा राहून जातो. डिसेंबरात आपल्याकडे आभाळ निरभ्र असतं म्हणून सगळीकडे तसंच असेल असं आपण धरून चालतो. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, तिथे डिसेंबर म्हणजे भर पावसाळा. मॉरिशसला उन्हाळा असतो, पण चक्रीवादळांचा हंगामही तेव्हाच सुरू झालेला असतो. थायलंड या एकाच देशात दोन तऱ्हा: पश्चिमेकडे अंदमान समुद्रावरचं फुकेत आणि क्राबी डिसेंबरात कोरडी, तर पूर्वेकडच्या आखातातल्या को सामुईला पावसाचा शेवट चाललेला. श्रीलंकेतही तसंच. गॉल, बेंटोटा, मिरिसा हा नैऋत्य किनारा डिसेंबर ते मार्च उत्तम, त्रिंकोमाली मे महिन्यानंतर. आपल्याच देशात चेन्नई आणि पुदुच्चेरीला ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबरातही असतो, २०१५ च्या डिसेंबरातला चेन्नईचा पूर आठवावा. दुबई कोरडी, पण तिथला डिसेंबर उबदारपेक्षा आल्हाददायक. संध्याकाळी अंगावर स्वेटर लागतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडनं भारतीयांना व्हिसातून सूट दिली आणि फुकेतचा पर्याय घराघरात बोलला जाऊ लागला. ज्यांना परदेशीच जायचंय त्यांनी तो जरूर घ्यावा.

गोव्याबद्दल थोडक्यात. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात तिथले दर बघून पोटात गोळा येतो, आणि उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर आई-वडिलांना बसायला जागा नसते. मुलांना मित्रांबरोबर जायला गोवा हवा असतो, आई-बाबांबरोबर नव्हे. त्यांना तसं जाऊ द्यावं. कुटुंबानं जायचंच तर दक्षिणेकडे, काणकोण-पाळोळ्याच्या बाजूला, आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात.

मग कोविड आला. नियमित आंतरराष्ट्रीय विमानं मार्च २०२० मध्ये थांबली ती मार्च २०२२ अखेरपर्यंत. ठराविक देशांशी मर्यादित उड्डाणं चालू होती, पण त्यांची तिकिटं आणि विलगीकरणाचे नियम पाहून कितीतरी मुलं आलीच नाहीत. त्या हिवाळ्यांत ज्यांना शक्य होतं ती घरं गाडी काढून कोकणात गेली. आम्ही आणि पुण्याची मुलगी-जावई देवबागला एका घरगुती निवासात राहिलो. समोर समुद्र, मागे कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. तिथे मला कळलं की इतकी वर्षं आपण जे शोधत होतो ते इथे आहे.

सकाळी किनाऱ्यावर रापण ओढायला माणसं जमली होती. होडीनं समुद्रात अर्धवर्तुळात जाळं सोडलेलं, त्याच्या दोन टोकांचे दोर वाळूवर, आणि दोन्ही दोरांना दोन ओळी. टाचा वाळूत रुतवून, अंग मागे टाकून सगळे एका लयीत खेचत होते. जावई बघत उभा होता. एक आजोबा त्याला म्हणाले, “बघतंस काय? हात लाव!” त्यानं हात लावला. दोर ओला, खरखरीत, तळव्यांची सालटी निघाली. अर्ध्यापाऊण तासानं जाळ्याची खोळ किनाऱ्याला लागली आणि आत तारली आणि बांगडे चमचमले. हात लावणाऱ्याला वाटा मिळतो, ही तिथली रीत. जावयाला पानावर चार बांगडे मिळाले. घरमालकीणबाईंनी दुपारी ते तिरफळ घालून केले. माझी मुलगी तोपर्यंत झोपली होती, हे वेगळं सांगायला नको, आणि तिला कुणी उठवलंही नाही.

मुलगी रात्रीची राणी. तिच्यासाठी सिंधुदुर्गात डिसेंबर म्हणजे जत्रांचा मोसम. देवळाच्या आवारात दशावताराचा खेळ रंगतो तो मध्यरात्रीनंतर. पेटी, मृदंग, झांज, लिखित संहिता नाही, आणि रंगलेली माणसं तिथल्या तिथे संवाद रचत पहाटेपर्यंत नाटक नेतात. आम्ही दोघं अकराला परत आलो, ती दोघं पहाटे. दुपारी जेवायला सगळे एकत्र. मोठ्या मुलांबरोबरची सहल अशीच चालते: सकाळ ज्याची त्याची, रात्र ज्याची त्याची आणि एक जेवण सर्वांचं. त्यासाठी ठिकाण एकच हवं, मुक्काम हलवायचा नाही, आणि खोल्या वेगळ्या हव्यात. सहा प्रौढ माणसं ‘फॅमिली रूम’मध्ये कोंबून पैसे वाचवले तर तिसऱ्या दिवशी भांडण ठरलेलं.

पुढच्याच डिसेंबरात मुलगा-सून म्युनिकहून तिथे आले. सून पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, “आई, इथे मोबाईलची रेंज जाते-येते ते फार बरं आहे.” पोहणं, स्नॉर्केलिंग, तारकर्लीच्या केंद्रात स्कूबा, ज्याला जे हवं ते. माझ्या यजमानांचे गुडघे दुखतात, तरी होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्यात जाऊन आले. एक दिवस शिरोड्याला गेलो, वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ ज्या गावात मास्तर होते त्या गावाची मिठागरं पाहायला. दिवसा पारा बत्तीसच्या आसपास, रात्री विशीत, पाऊस नाही, समुद्र शांत.

जाण्यायेण्याची अडचण अजून पुरती सुटलेली नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून रखडत चाललंय. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण तिथल्या सेवेचा भरवसा धरवत नाही. जानेवारी २०२३ पासून गोव्यातल्या मोपाला विमानं उतरू लागली, तिथून सावंतवाडी-वेंगुर्ले तासाभराच्या आसपास. परदेशातून येणाऱ्या मुलांना हा रस्ता सोयीचा.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. आई-वडील साठीच्या पुढचे आणि मुलं तिशीच्या आसपासची असतील, तर डिसेंबरला पहिली पसंती मालवण-वेंगुर्ल्याचा किनारा, दुसरी अंदमान, आणि परदेशच हवा असेल तर फुकेत किंवा श्रीलंकेचा नैऋत्य किनारा. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधी उघडतं. म्हणजे नाताळच्या गाड्यांची तिकिटं ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात संपतात, आणि देवबागची चांगली घरं त्याच्याही आधी. मुलांना फोन करून त्यांच्या रजांच्या तारखा दसऱ्यापर्यंत मागून घ्या.