पिंजऱ्यातून खुराड्यात

युरोपीय संघात २०१२ साली साध्या पिंजऱ्यांवर बंदी आली. त्याआधी अशा पिंजऱ्यात एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा देण्याचा नियम होता. ए-फोर कागद याहून मोठा, सुमारे ६२४ चौ. सेंमी. असतो! सुधारित पिंजऱ्यात ही जागा ७५० चौ. सेंमी. झाली.

ब्रिटनमध्ये काही कुटुंबे अंडी कमी झालेल्या अशा कोंबड्या कत्तलीपासून वाचवून घरी आणतात. पण मोकळ्या जागेत त्या बावरतात. शिवाय अंड्याच्या कवचासाठी हाडांतले कॅल्शियम वापरले जाते, हालचालही नसते. त्यामुळे हाडे ठिसूळ झालेली असतात. म्हणून बसायची दांडी सुरुवातीला अगदी खाली बांधावी. काही दिवस खुराडे बंद ठेवावे, म्हणजे 'हेच आपले घर' हे त्यांना कळते. खाद्य हळूहळू बदलावे. आधीच्या कोंबड्या असतील तर मध्ये जाळी लावावी. कोणी कोणाला टोचायचे, याची उतरंड कळपात ठरलेली असते.

मात्र कोरडी माती मिळाली की या कोंबड्या धुळीत लोळू लागतात. हे त्यांना कोणी शिकवले? वर्गात जरूर विचारा: कोंबडीचे कोणते वर्तन उपजत आणि कोणते शिकलेले?